कानसेनांनी पेटी विकली

रेकॉर्डिंग स्टुडिओतून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना सगळे कानसेन म्हणत. नाव सहकाऱ्यांनी चेष्टेने ठेवलेलं, पण आपली चेष्टा होतेय हे कळणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. कुणाच्या घरी गेले की बसायच्या आधी सांगत, "तुमचा फ्रिज गुणगुणतोय." नाटकाला गेले की मध्यंतरात स्पीकरवाल्याला गाठत आणि त्याचा पुढचा अंक नासवत. जगात माणसांच्या दोनच जाती, असं त्यांचं ठाम मत होतं. एक बहिऱ्यांची, आणि दुसरीत ते एकटेच.

स्टुडिओने जुनं सामान मोडीत काढलं तेव्हा कानसेनांनी त्यातून एक लोखंडी पेटी मागून घेतली. माइकमधून येणारा आवाज मुंगीच्या पावलाइतका बारीक असतो. तो रेकॉर्ड करण्याजोगा मोठा करून देणारा हा जुना प्रीअँप होता. आत काचेचे व्हॉल्व्ह, पुढे काळी बटणं, आणि वजन असं की घरी आणताना हमालाने दोनदा जिन्यात बसून घेतलं.

"दुरुस्त करतो आणि विकून टाकतो," त्यांनी बायकोला सांगितलं.

पेटी जेवणाच्या टेबलावर बसली ती बसलीच. नवराबायको ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली. कानसेनांनी पेटीचं एकेक हाड मोकळं केलं. फुगलेले कपॅसिटर काढले, गंजलेल्या पट्ट्या घासल्या, बटणांच्या खाचा बायकोच्या दात घासायच्या ब्रशने साफ केल्या आणि ब्रश जागच्या जागी ठेवून दिला. पेटी पहिल्यांदा लागली आणि व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे तांबूस झाले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या मुलीच्या पदवीदान समारंभात ते स्पीकरची जागा चुकली म्हणून कुरकुरत होते, हे बायकोला नेमकं त्याच क्षणी आठवलं.

मग विक्रीची जाहिरात. कानसेनांनी दोन पानं लिहिली. त्यात 'आवाजाचा आत्मा' तीनदा आला आणि पेटी चालू आहे की बंद, हे एकदाही आलं नाही. जाहिरातीला कुणी हिंग लावूनही विचारलं नाही. शेवटी बायकोने आपल्या फोनवरून टाकली: 'जुना व्हॉल्व्हचा प्रीअँप. चालू. फार जड. न्यायला दोघांनी यावं.' दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाइकं आली.

पहिला एक दातांचा डॉक्टर. "दवाखान्यात बाहेर ठेवायचाय," तो म्हणाला. "पेशंट घाबरलेले असतात. असं काही उजळलेलं दिसलं की बरं वाटतं. याचा रंग बदलता येतो का, निळा वगैरे?"

कानसेनांनी चहा अर्धा असतानाच त्याच्यापुढचा कप उचलला. "ही पेटी ऐकणाऱ्यासाठी आहे," ते म्हणाले. डॉक्टर बिचारा आपलं कार्ड बायकोच्या हातात देऊन गेला.

दुसरी आली ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी बाई. शांत, कामाला वाघ. येताना स्वतःचा माइक आणि रोजच्या वापरातला, तळहातावर मावेल असा छोटा प्रीअँप घेऊन आली. तो प्लॅस्टिकचा डबा पाहून कानसेनांना कीवच आली.

"काका, तुम्ही पाठ करून बसा," ती म्हणाली. "मी वाचते. कधी तुमच्या पेटीतून, कधी माझ्या. कुठला आवाज चांगला ते तुम्हीच सांगा."

"पहिल्या शब्दाला ओळखीन," कानसेन म्हणाले आणि हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून बसले. कधी पेटी, कधी डबा जोडणारं बटण फिरवायला बायकोला बसवलं. बाईने हाताशी होतं ते कपडे धुण्याच्या मशीनचं माहितीपत्रक वाचायला घेतलं.

"हा," काही ओळींनंतर कानसेनांनी हात वर केला. "हा बघा. यात ऊब आहे. मघाचा नुसता पत्रा होता."

बायकोने बाईकडे पाहिलं. बाईने वाचन चालू ठेवलं. बटण पुन्हा फिरलं, पुन्हा, पुन्हा.

"पत्रा... पत्रा... हां, आता पुन्हा माणूस बोलला. हा आवाज छातीतून येतो. तीस वर्षं काय उगाच घालवली?"

त्यांनी प्रत्येक वेळी न चुकता प्लॅस्टिकचा डबाच निवडला होता. बाईने ते सांगितलं, आणि सांगताना हसली नाही, ही तिची मोठीच सभ्यता.

कानसेनांनी आधी वायरला दोष दिला, मग हेडफोनला, मग बायकोने बटण उलटं फिरवलं म्हणून बायकोला. नाचता येईना, अंगण वाकडं.

"तसं नाही काका," बाई म्हणाली. "तुमच्या पेटीत शीss असा बारीक आवाज आहे. मागे सतत येतोय. तो काढला तर पेटी छान आहे."

"कसला आवाज? काही नाही."

"आहे," बायको म्हणाली. तिने फक्त एक कान हेडफोनला लावला होता. "मलासुद्धा येतोय."

"विकायची नाही मला," कानसेन उठले. "या तुम्ही."

बाई गेल्यावर कानसेन पेटीवरची धूळ पुसत बसले. मग बायको म्हणाली, "अहो, कपडे धुऊन झाले की मशीन टीं टीं करतं. तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?"

"मशीन बिघडलं असेल."

"ते रोज वाजतं. मी रोज उठते."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, मी तोंडातल्या तोंडात बोलते."

कानाच्या डॉक्टरकडे जायला त्यांनी आठवडाभर खळखळ केली. तिथे त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. जन्मभर ते काचेच्या या बाजूला बसून आतल्या गवयांना 'पुन्हा घ्या' म्हणत आले होते. आता ते आत होते आणि बाहेरून तपासणारी बाई सांगत होती, "आवाज आला की बटण दाबा." आत गेल्या गेल्या त्यांनी दाराच्या रबरातली चूक दाखवली. मग एक ठेका धरून बटण दाबत राहिले.

"काका," बाहेरून आवाज आला, "मी अजून काही वाजवलंच नाहीये."

वरच्या पट्टीतलं त्यांचं ऐकणं जवळजवळ गेलं होतं, आणि काल-परवा गेलेलं नव्हतं. घरी येताना ते बायकोला एवढंच म्हणाले, "म्हणजे स्टुडिओतली शेवटची काही वर्षं..." बायकोने वाक्य पुरं केलं नाही. लोकांचे फ्रिज खरंच गुणगुणत होते का, हे तर तिला विचारायचंच नव्हतं.

त्यांनी वाचणाऱ्या बाईला फोन केला. माफी मागायची सवय नसल्यामुळे त्यांनी विचारलं, "ती शीss पहिल्यापासून होती, की पेटी तापल्यावर आली?"

बाई आली. ती ऐकणार आणि कानसेन व्हॉल्व्ह बदलणार, असं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्याच्या कानाने काम करत होते. "आता?" "आहे." "आता?" "आहेच." एक व्हॉल्व्ह बदलल्यावर बाई म्हणाली, "गेली." कानसेनांना आधीही काही ऐकू येत नव्हतं आणि आताही नाही. तरी त्यांनी तिच्या शब्दावर मान डोलावली. या माणसाने इतकं मोठं काम त्याआधी केलं नव्हतं.

"मग न्याल का?" त्यांनी विचारलं.

"नको काका. माझा डबा पुरतो मला. तुम्हीच तर म्हणालात, आवाज छातीतून येतो."

यावर बायको इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर तिने दातांच्या डॉक्टरचं कार्ड शोधलं आणि फोन लावला.

डॉक्टर दोन माणसं घेऊन आला. कानसेनांनी एकच अट घातली. पेटी नुसती शोभेला ठेवायची नाही. तिला माइक जोडायचा आणि पेशंटला त्यातूनच हाक मारायची. डॉक्टरने लगेच होकार दिला. लोकांना तोंड उघडायला लावून जगणारा माणूस, नको तिथे वाद घालत नाही.

महिन्याभराने कानात नवी यंत्रं घालून कानसेन दाढ दाखवायच्या निमित्ताने तिथे गेले. पेटी काचेच्या कपाटात तांबूस उजळत होती. तिच्याखाली निळी पट्टीही लावलेली होती. माइक ड्रॉवरमध्ये होता. हाका मारणारी बाई खुर्चीवरूनच 'पुढचे' म्हणून ओरडत होती, कारण तसं लवकर होत होतं. बाकावरच्या दोघा-तिघांना कानसेनांनी व्हॉल्व्हचा इतिहास सांगितला. एकजण दाढ दुखत असूनही उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

आत खुर्चीवर आडवे होताच त्यांनी डॉक्टरला धारेवर धरलं. "आपलं ठरलं काय होतं? त्या पेटीचा अपमान चाललाय तिथे. तुम्हाला कल्पना आहे का, त्या व्हॉल्व्हमधून..."

"काका," डॉक्टरने दिवा जवळ ओढला, "तोंड उघडा. मोठं. आणि आता बोलू नका."