काचेआडचा नकाशा

नाहूरहून निघतानाच बाबांनी जाहीर केलं, "माका (मला) नको तुझी ती बाग." काचबिंदूने दृष्टी गेल्यापासून दोन वर्षं ते दवाखान्याखेरीज कुठेही गेले नव्हते. मी जन्मापासूनच आंधळी, त्यामुळे 'दिसत नाही' ही सबब माझ्यापुढे चालत नव्हती. मालाडच्या एका बागेत अंधांसाठी ब्रेल नकाशा लावलाय, असं मी बागेच्या संकेतस्थळावर ऐकलं होतं. बाबा माझ्याकडे कुरकुरत ब्रेल शिकत होते. वाचायला खरंखुरं काहीतरी मिळेल म्हणून त्यांना रिक्षात घातलं.

पवईला वारा गार झाला, पुढे गोरेगावला नुसते हॉर्न. मालाडला उतरलो तर कुठेतरी भजी तळत होते. बाबांचा खांदा तिकडे वळलेला माझ्या हाताला कळला.

वॉचमनने मोठ्या उत्साहाने नकाशापाशी नेलं. मी हात पुढे केला. गुळगुळीत, थंड काच!

"काच कशाला?"

"लोक हात लावून खराब करतात ना, मॅडम."

"अहो, तो हात लावूनच वाचायचा असतो."

"चावी साहेबांकडे. साहेब सुट्टीवर." मग तो एकदम म्हणाला, "पण मला दिसतंय ना! मी सांगतो. डावीकडे मधला आणि खालचा ठिपका, उजवीकडे वरचा आणि मधला."

"त," मी म्हटलं.

"आता डावीकडे उभे तीन. उजवीकडे काय नाय."

"ल!" बाबा माझ्याआधी ओरडले.

पुढचा काना आणि व त्यांनीच लावला. "तलाव!"

"तलाव?" वॉचमन म्हणाला. "इथे कुठे तलाव, काका?"

तासभर तो ठिपके सांगत होता आणि बाबा अक्षरं लावत होते. फिरायला आलेली मंडळी भोवती जमली. तलावापुढे बोटींचा धक्का निघाला, मग मोरांचा पिंजरा. नकाशा दुसऱ्याच बागेचा होता. "आता तलाव खणूनच घ्या, नकाशा तयार आहे," एक आजोबा म्हणाले.

मी बागेच्या कार्यालयाला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. "नकाशाचा फोटो पाठवा," त्या म्हणाल्या, "ठिपके स्पष्ट दिसले पाहिजेत." फोटो वॉचमनने काढला. काचेत त्याचाच चेहरा आला, म्हणून पुन्हा काढला.

मग बाबांनी त्याचा दंड धरला आणि पावलं मोजत अख्खी बाग पालथी घातली. बाबांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करत मी मागे. "गेटपासून बावीस पावलांवर बाकडं. डाव्या टोकाला खिळा वर आलाय, सांभाळून बसा." ते रेकॉर्डिंग आमच्या अंध मित्रमंडळींच्या ग्रुपवर टाकलं आणि भजी खाऊन परत निघालो.

पवईला वारा पुन्हा गार झाला, तेव्हा बाबांनी विचारलं,

"ता तळा खंय असतला गो (ते तळं कुठे असेल गं)?"

"काय माहीत, बाबा."

तो नकाशा लावणाऱ्याचा मला खरं तर राग यायला हवा होता. पण बाबा पुढे वाकून रिक्षावाल्याला विचारत होते, बोटी असलेली बाग कुठली, आणि रविवारी ती उघडी असते का.