सातवीच्या वर्गानं मोजलेली खर्ड्याची भिंत

खर्ड्याला जायचं ठरलं ते गणिताच्या तासाला. १९७२ नुकतंच उजाडलं होतं. जामखेड तालुक्यातल्या एका लहान गावात मी सातवीला शिकवत होते, नोकरीचं दुसरंच वर्ष. फळ्यावर गुणोत्तर-प्रमाण आलं की वर्गाच्या माना खाली जायच्या. त्या दिवशी रशीदनं सरळ विचारलं, "बाई, ह्ये शिकून मोजायचं काय?"

मला राग आला. आदल्या तासाला इतिहासात खर्ड्याची लढाई झाली होती, तेच तोंडी आलं. "खर्ड्याच्या किल्ल्याची भिंत मोजायची. किती उंच आहे ते पुस्तकात नाही, मलाही माहीत नाही. तुम्ही शोधायचं. खाली उभं राहून, वर न चढता."

वर्ग एकदम जागा झाला. "जाऊ या की बाई!"

हेडमास्तरांना हे काही पटलं नाही. "सहल म्हणजे देवदर्शन आणि जेवण. भिंतच मोजायची तर शाळेची आहे की."

"तिला शिडी लावता येते, सर."

"आणि पोरांना नाही जमलं तर?"

"तर वर्षभर धड्याबाहेर एक शब्द शिकवणार नाही," मी बोलून गेले. त्यांनी तेवढं बरोबर लक्षात ठेवलं आणि परवानगी दिली.

पुढचे पंधरा दिवस गणिताचा तास मैदानात भरला. मीटरभर काठी उभी करायची, तिची सावली मोजायची, मग लिंबाच्या झाडाची सावली मोजायची आणि प्रमाणावरून झाडाची उंची काढायची. ही युक्ती मी सांगितली नव्हती. "सूर्य सगळ्यांना सारखाच हाय ना बाई?" असं विचारत विचारत पोरं स्वतःच तिथवर पोचली. शाळेचा झेंड्याचा खांब, देवळाचं शिखर, पाटलांचा कडब्याचा ढीग, काही म्हणून सुटलं नाही.

निघालो तो शनिवार होता. चोवीस मुलं आणि मी. सकाळची जामखेडची एसटी नेहमीसारखी भरलेली, त्यामुळे अर्धा वर्ग उभ्यानंच आला. जामखेडला खर्ड्याच्या गाडीसाठी तासभर थांबलो. स्टँडवरच्या हॉटेलात गरम भजी होती, पण मुलांनी घरच्या भाकरीला हात लावायचा नाही आणि भजी मात्र खायची, असा उलटा नियम काढला. माणशी दीड रुपयात जाणं-येणं, भजी, सगळं बसलं. पुढचा रस्ता तेव्हा अर्धा खडीचा होता. खिडकीतून धूळ आत येई. दोन्ही बाजूंना ज्वारी होती, पण पाऊस कमी झालेला, ताटं गुडघ्याला आणि कणसं बारकी. तुम्ही आता गेलात तर रस्ता चांगला लागेल. उन्हाळा टाळा आणि पाणी मात्र बरोबर घ्या.

खर्डा गावात उतरलं की किल्ला शोधावा लागत नाही. घरांच्या मागून एकदम काळ्या दगडाची भिंत उभी राहते. चौकोनी किल्ला, कोपऱ्यांना बुरूज, भोवती खंदक, काही ठिकाणी बुजलेला. मुलांनी माना वर केल्या. पुस्तकातल्या लढाईला एवढी मोठी भिंत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं, खरं तर मलाही नव्हतं.

काठी रोवली आणि सगळ्यांनी खाली पाहिलं. सावली नव्हतीच.

गाडीत असतानाच आभाळ भरून आलं होतं, आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. पावसाचा थेंब नाही, नुसतं पांढरं, जाड आभाळ. अर्धा तास थांबलो, मग एक तास. दरवाज्यापाशी शेळ्या राखत एक म्हातारे बाबा बसले होते. ते म्हणाले, "आता ह्ये सांजंपर्यंत हलत न्हाई. पंचवीस-तीस फूट धरा की आन् जावा घरी."

"धरायचं न्हाई बाबा, काढायचं हाय," रशीद म्हणाला, पण त्याचाही आवाज पडला होता. माझ्या डोळ्यांसमोर हेडमास्तर उभे राहिले. मुलांना दुसरी पद्धत सांगावी असं फार वाटलं. जीभ आवरली आणि म्हटलं, "आधी जेवून घ्या."

भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. यमुना, आमच्या सुताराची मुलगी, वर्गात फारशी बोलत नसे. चटणी बांधून आणलेला वर्तमानपत्राचा तुकडा ती चौकोनी दुमडत बसली होती. मग तिनं तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका दुमडला, डोळ्याशी धरला आणि भिंतीकडे पाहिलं.

"काय करतेस गं?"

"बाई, चौकटीचा कोपरा जोडताना आमचे दादा असाच निम्मा काटकोन धरत्यात. खालची कड आडवी धरली आन् तिरक्या कडंवरनं भिंतीचं टोक दिसलं, तर जेवडी भिंत उंच तेवडंच आपुन लांब. व्हय ना?"

हात न धुताच सगळे उठले. दरवाज्याजवळ खंदक बुजून जमीन सपाट झाली होती. यमुना कागद डोळ्याशी धरून मागे मागे सरकत गेली. कड आडवी आहे का, हे बघायला तिघं तिच्या शेजारी वाकली होती. "थांब! आता थांब!" ती थांबली. शिंप्याकडून मागून आणलेल्या टेपनं पायापासून भिंतीपर्यंत मोजलं, चोवीस फूट.

"चोवीस!" मी टाळी वाजवली. "भिंत चोवीस फूट उंच. शाब्बास!"

सगळी पोरं ओरडली. यमुना मात्र जागची हलली नव्हती. "न्हाई बाई."

"काय नाही?"

"मी जमिनीवर डोळा ठिवून कुटं बगितलं? माजा डोळा हितं हाय." तिनं तळहात डोळ्याशी आडवा धरला. "ह्याच्या खालची भिंत ऱ्हायली की मोजायची."

तिचं बरोबर होतं. बाई चुकल्या होत्या, सगळ्या वर्गासमोर. मुलं माझ्याकडे बघत होती. मी टेप घेतली, तिच्या शेजारी गुडघ्यावर बसले आणि तिच्या डोळ्यापर्यंतची उंची मोजली. सव्वाचार फूट.

"सव्वाअठ्ठावीस," ती म्हणाली.

आता पडताळा. अट संपली होती, म्हणून मी रशीदला घेऊन आतल्या पायऱ्यांनी तटावर गेले. त्याला कमरेशी घट्ट धरलं. त्यानं सुतळीला दगड बांधून बाहेर सोडला. खालून आरोळी आली, "टेकला!" सुतळीला गाठ मारून खाली आणली आणि जमिनीवर पसरून मोजली. अठ्ठावीस फूट नऊ इंच.

अर्ध्या फुटाचा फरक! चटणीच्या कागदानं! पोरांनी यमुनेला उचललंच. बाबा शेळ्या सोडून जवळ आले होते. "तीसच्या आत हाय म्हनलो हुतो मी," ते म्हणाले आणि मग तो कागद मागून घेऊन स्वतः भिंतीकडे बघत राहिले.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. मुलं खिडकीतून दिसेल त्याची उंची काढत होती, विजेचे खांब, चिंचेची झाडं. माझी मान अवघडली होती, साडी धुळीनं लाल झाली होती आणि इतकं हलकं मला शिकवायला लागल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

पुढे मी एकतीस वर्षं शिकवलं. किती धडे घेतले ते आठवत नाही. वर्गापुढे प्रश्न ठेवून गप्प बसणं किती अवघड असतं, ते मात्र खर्ड्यात कळलं. मी जेवणाआधी तोंड उघडलं असतं, तर यमुनेचा कागद नुसता चटणीचाच राहिला असता. आपल्याला चुकीचं ठरवणारी मुलगी आपल्या वर्गात तयार झाली, याचा अभिमान मला आजही आहे.

सहलीनंतरच्या सोमवारी मी फळ्यावर दोन्ही उत्तरं लिहिली, माझं चोवीस आणि तिचं सव्वाअठ्ठावीस. हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. "बाई, ते चुकलेलं पुसा. पोरांपुढे बरं दिसत नाही."

"राहू दे सर. तेच समजून घ्यायचंय."

ते आत आले आणि फळ्याकडे बघत राहिले. "पण डोळ्याची उंची मिळवायची कशाला?"

मी यमुनेकडे पाहिलं. ती उठली. कधी न बोलणारी ती पोर कागद घेऊन त्यांच्यासमोर गेली आणि म्हणाली, "सर, तुमी हितं भिंतीकडं तोंड करून सरळ उभं ऱ्हावा. मी दावते."

आणि हेडमास्तर उभे राहिले.