उठेल तो हरला

डॉक्टरांनी सगुणाच्या घशात चमचा घालून पाहिलं आणि म्हणाले, "डिप्थेरिया." मग आपल्या बोलीत सांगितलं, घटसर्प. घशात पांढरा पापुद्रा धरतो, तो वाढत जातो आणि श्वासाची वाट बुजते. सगुणा सात वर्षांची होती. आमचं एकुलतं एक लेकरू.

औषधाला सीरम म्हणतात. घोड्याच्या रक्तातून काढतात, सुईनं देतात. हिंगोलीच्या दवाखान्यात ते नव्हतं. नांदेडला तार केली, तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं येणार होतं. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, काल संध्याकाळी आणलं असतं तर तार तेव्हाच गेली असती. औषध आज हातात असतं."

आदल्या दिवशी दुपारी मी कुठं होतो, ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

नरसीला हुसेनभाई शिंप्याच्या दुकानापुढच्या ओट्यावर दर गुरुवारी आमचा वाद बसायचा. विषय देव. ऐकायला पंधरा-वीस माणसं जमत. नियम एकच: जो आधी उठेल तो हरला. पाणी प्यायलासुद्धा कोणी उठत नसे. शाळामास्तर म्हणून मला या वादाची भारी ऐट होती.

त्या दिवशी मी म्हणालो, मडकं आहे तर कुंभार असलाच पाहिजे. जग आहे तर कर्ता आहे. हुसेनभाई पाच वेळा नमाज पढणारा माणूस, पण त्यानं बराबर पकडलं. "कुंभार हाय, कबूल. पण मडकं पाहून तो दयाळू हाय हे काहून मानू? मडकी तं फुटूनबी राहिली."

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात शेजारच्या कोंडाबाई आल्या. "गुरुजी, पोरीचा घसा लई सुजला. घास गिळंना. तिच्या मायनं बलावलं."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हणालो, "आलोच, एवढं वाक्य होऊ द्या."

त्या वाक्याला दिवस मावळला. लेकरू जन्मायच्या आधी आईच्या छातीत दूध कोण तयार ठेवतो, असं मी शेवटी विचारलं. लोकांनी माना डोलावल्या आणि हुसेनभाई उठून दुकानात गेला. मी जिंकलो. घरी आलो तर सगुणा तापानं फणफणली होती. मी काढा दिला आणि पहाटे गाडी जुंपली.

दवाखान्यात तो शुक्रवार नुसता तिचा श्वास ऐकण्यात गेला. करवतीसारखा घरघर आवाज यायचा. माझी बायको काशी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी जवळ गेलो की तोंड फिरवायची. मी देवाला काहीतरी मागायचं ठरवलं, पण तो सर्वज्ञ असेल तर सांगायचं काय आणि दयाळू असेल तर विनवायचं कशाला, हेच डोक्यात फिरत राहिलं. माझ्याच तर्कानं माझी जीभ धरली.

दुपारी हुसेनभाई आला. दारातच उभा राहून रडायला लागला. "मास्तर, काल कोंडाबाई आल्या तवाच मी उठायला पाहिजे होतं. मी उठलो असतो तर तुमीबी उठले असते. मला कळत व्हतं. पण मी बी बसूनच राहिलो."

मी त्याला बस म्हणालो नाही.

शनिवारी सकाळी सगुणा गेली. गाडी दुपारी आली. औषधाची पेटी माझ्यासमोरच उघडली आणि कनेरगावच्या एका पोराला सुई दिली. त्यालाही हाच आजार होता. तो वाचला असं पुढे कळलं. सुई देताना त्याच्या बापानं हात जोडले आणि मला म्हणाला, "देवालाच दया आली, गुरुजी. नाही तं औषध इतक्या येळेवर आलं असतं का?"

माझं उत्तर त्यानं मलाच दिलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

देव आहे की नाही, हे आता मी सांगत नाही. मला कळत नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही मेली आहे. ओटा रिकामाच असतो. काशी अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

हे वाचणाऱ्या आईबापांना एवढंच सांगतो. लेकरू गिळत नाही म्हणालं तर आधी उजेडात नेऊन घसा पाहा. पांढरं दिसलं तर त्याच घडीला गाडी जुंपा. कोणी बोलवायला आलं तर तोंडातलं वाक्य अर्धं टाकून उठा.

मी माझं पुरं केलं होतं.