काकांनी टीव्हीकडे पाठ फिरवली

काका बोलायच्या आधी उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "मुद्दा नंबर एक." तुम्ही कितीही वाट पाहा, दोन नंबरचा मुद्दा कधी यायचा नाही. भाजी महाग झाली, नळाला पाणी नाही, जावई दिवाळीला आला नाही, सगळं पहिल्याच मुद्द्यात मावायचं.

इंदूरच्या एका कापड मिलमध्ये ते मागावर होते. मिल बंद पडली तरी मिलच्या मागच्या लाइनीतली कामगारांची घरं भरलेली होती, त्यातल्या एकात ते आणि काकू राहायचे. माझा स्नेहलतागंजात टायपिंगचा क्लास. निवेदनं टाइप करून घ्यायला ते माझ्याकडे येऊ लागले आणि येतच राहिले. कलेक्टरला निवेदन, मंत्र्याला निवेदन, मिलमालकाला निवेदन. तीन वर्षांत एकाचंही उत्तर आलं नाही, पण काकांचा माझ्या टाइपरायटरवरचा विश्वास वाढतच गेला. मी नवी रिबन घातली की इंदुरी रिवाजानं भैयाचं भिया करून म्हणायचे, "आता येईल उत्तर, भिया. अक्षर ठळक आहे."

रविवारी सकाळी मी पोहे-जिलबी बांधून घेऊन त्यांच्याकडे जायचो. लाइनीत टीव्ही तीन होते, पण ज्यातली माणसं थरथरत नाहीत असा एकच, काकांचा. त्यावर एका लहान गावातल्या डॉक्टरची हिंदी मालिका लागायची. गरिबांकडून फी न घेणारा, सायकलवरून फिरणारा डॉक्टर. पंचवीस-तीस माणसं ती बघायला त्या एका खोलीत दाटीवाटीनं बसत. काकूंचे गुडघे दुखायचे ते नेमके डॉक्टर पडद्यावर आला की कमी व्हायचे, असं त्या स्वतःच सांगायच्या.

एका रविवारी डॉक्टर दवाखान्यातून घरी आला तो वेगळाच माणूस होता. खाली पट्टी सरकली, की ही भूमिका यापुढे अमुक करतील. मालिकेतल्या कुणालाही काही वाटलं नाही. कुत्रासुद्धा भुंकला नाही. बायकोनं हसून चहा पुढे केला, मुलं पप्पा पप्पा करत त्याला बिलगली. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"परक्या माणसाला चहा देते आहे ही," त्या म्हणाल्या.

काकांचं बोट वर गेलं. "मुद्दा नंबर एक. आपल्या माणसाला काढलंय."

कशावरून, असं मी विचारलं. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. त्या दिवसांत एखादा माणूस जागेवर दिसला नाही तर त्याला काढलंच असणार, याबद्दल लाइनीत कुणाला शंका नसायची.

मग काकांनी लढा उभारला. गेली तीन वर्षं नुसते बसून होते, ते एका आठवड्यात दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले. ज्या गेटवर मिलच्या सभा व्हायच्या तिथेच सभा झाली. मी मालिका काढणाऱ्यांना हिंदीत निवेदन टाइप केलं. मागणी पहिली, जुन्या डॉक्टरला त्याच जागेवर परत घ्या. मागणी दुसरी काकूंची, की निर्णय होईपर्यंत त्या बाईनं नव्या माणसाला चहा देऊ नये. शिवाय घरटी रोज एक पोस्टकार्ड टाकायचं ठरलं.

अडचण आली ती बहिष्काराची. मालिका बघायची नाही हे सगळ्यांना मान्य होतं, पण गोष्ट पुढे काय होते हे कळायलाच हवं होतं. मालिकेतल्या सरपंचाच्या मुलीचं ऑपरेशन अर्ध्यावर राहिलं होतं. काकांनी तोडगा काढला. टीव्ही लावायचा, आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचं.

तुम्ही कधी तीस माणसं टीव्हीकडे पाठ करून बसलेली पाहिली आहेत का? मी त्यांच्यात बसलेलो आहे. समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर, आणि मागे सरपंचाची मुलगी कण्हते आहे. दुसऱ्याच रविवारी काकू मांडीवर स्टीलचं ताट घेऊन बसल्या. तांदूळ निवडते आहे म्हणाल्या. काकांनी वाकून पाहिलं तर ताटात तांदूळ नव्हतेच, डॉक्टर होता. त्या दिवशी काका काकूंशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

पाचव्या आठवड्यात उत्तर आलं. निवेदनावर पत्ता माझ्या क्लासचा होता, म्हणून पाकीट माझ्याकडे. काकांच्या सगळ्या हयातीतल्या निवेदनांना आलेलं हे पहिलं उत्तर. मी ते न फोडता सायकल हाणत लाइनीत गेलो. काकांनी आधी हात धुतले, टोपी घातली, खाटेवर ताठ बसले आणि म्हणाले, "वाचा भिया. आरामात वाचा."

पत्र नव्या नटानं स्वतः लिहिलं होतं, हिंदीत. जुन्या साहेबांना कुणी काढलेलं नाही, ते नव्या केबल चॅनेलवर जास्त पैशांत स्वतःहून गेले. मी मुंबईत नऊ वर्षं स्टुडिओंच्या दारात उभा राहतो आहे, आजवर मिळाली ती कामं हवालदाराची किंवा प्रेताची. तुमची कार्डं रोज येतात आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर वाचली जातात. आणखी महिनाभर आली तर मला जावं लागेल. तुमचा राग मी समजू शकतो. फक्त एकदा माझं काम बघा.

काकांचं बोट वर गेलं नाही.

"म्हणजे हा बदलीवाला आहे," ते म्हणाले.

कायमचा कामगार गैरहजर राहिला की त्या दिवसापुरता ज्याला मागावर घेत, तो बदलीवाला. मी म्हटलं, तसंच काहीसं.

"मी अकरा वर्षं बदलीत होतो, भिया. रोज सकाळी गेटवर उभा. देवाला म्हणायचो, आज कुणाला तरी ताप येऊ दे. आणि आता मी एका बदलीवाल्याच्याच पोटावर पाय आणला."

असं म्हणून ते रडले. टोपीनं डोळे पुसत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना, कारण ती कार्डं लाइनीतल्या अर्ध्या लोकांना मीच लिहून दिली होती.

पुढच्या रविवारी सगळे टीव्हीकडे तोंड करून बसले. काका सगळ्यांत पुढे. त्यांनी अर्धा तास पापणी न लवता नव्या डॉक्टरला पाहिलं आणि निकाल दिला. "हात चांगला आहे. नाडी जागेवर धरतो. जुना भलतीकडेच धरायचा." काकू म्हणाल्या, चहा द्यायला हरकत नाही.

मग काकांनी मला उत्तर सांगितलं. कार्डं बंद केली आहेत, घाबरू नका. भोंगा वाजायच्या आधी गेटवर हजर राहत जा. मुकादमाशी गोडीनं राहा. आणि शेवटी, कायम झालात की कळवा.

ती मालिका तीन-चार महिन्यांत बंद पडली. लोक केबलकडे गेले होते. काकांनी मात्र त्या माणसाचा माग सोडला नाही. कुठल्याही मालिकेत, जाहिरातीत तो दिसला की शेअर टेम्पोत बसून स्नेहलतागंजात यायचे. "दिसला भिया. हवालदार होता, पण दोन वाक्यं होती." एकदा म्हणाले, "काल मेला. पण झकास मेला." मी टाइप करता करता हसायचो. आलेल्या मुलामुलींना वाटायचं, कुणाच्या घरी काहीतरी झालंय.

काका गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. लाइन पाडली, तिथे फ्लॅट झाले. माझ्याकडे टाइपरायटर घेऊन बसण्यासारखं काही राहिलं नाही.

आमच्या घरी सून रोज संध्याकाळी एक मालिका लावते. मी पेपर वाचत असतो, लक्ष देत नाही. परवा सहज मान वर केली तर त्यातले आजोबा ओळखीचे वाटले. केस पांढरे, अंग सुटलेलं, पण तोच, काकांचा बदलीवाला. किती दिवस आहे हा, मी विचारलं. सून म्हणाली, पहिल्यापासून आहे ना पप्पा, चार वर्षं झाली, रोज येतो, आणि ही मालिका काही बंद होत नाही.

मी उठलो आणि दारात जाऊन चपला घातल्या. बायकोनं आतून विचारलं, कुठे निघालात?

मी म्हटलं, कुठे नाही. तो कायम झाला, एवढंच सांगून यायचं होतं.