घागबाईंच्या वर्गात जागा नाही

घागबाई परीक्षा घ्यायच्या ती फुटाण्यांनी. मांडीवर कागदाची पुडी उघडी ठेवायची आणि समोरच्या माणसाला बोलतं करायचं. तो विनाकारण इंग्रजी शब्द बोलला की एक फुटाणा तोंडात. आधी काही सांगायच्या नाहीत, तोंडावर हसूही नाही. माझ्या इराला त्यांच्या मराठीच्या वर्गात घालायचं म्हणून मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मला वाटलं, बाईंना भूक लागलेली दिसते.

मी मन लावून सांगत होते, "अ‍ॅक्च्युअली आम्ही घरी मराठीच बोलतो. पण इरा रिस्पॉन्ड इंग्लिशमध्ये करते. आय मीन, तिला अंडरस्टँड सगळं होतं, फक्त कॉन्फिडन्सचा इश्यू आहे." बाई चावत होत्या. शेवटी त्यांनी पुडी तळहातावर उलटी करून झटकली. सालं तेवढी पडली.

"मुग्धा, मुलीला घेते मी. पण तू नापास. दहा मिनिटांत पुडी संपवलीस. शनिवारी दहाला तूही येऊन बसायचं. जमिनीवर. खुर्ची मिळणार नाही."

मी एका कंपनीत एचआरमध्ये आहे. लोकांना नापास करायचा मला पगार मिळतो. त्या दिवशी दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्या तळमजल्याच्या फ्लॅटमधून बाहेर पडताना मला भयंकर राग आला होता. शनिवारी मी दहाला पाच मिनिटं असतानाच जाऊन बसले.

बाई सोवळ्यातल्या मात्र नव्हत्या. लिफ्ट, फ्रीज, व्हिसा हे शब्द त्यांच्या लेखी घरचेच होते, त्यांना फुटाणा नाही. 'अ‍ॅक्च्युअली' आणि 'बेसिकली'ला दोन-दोन. स्वतः त्या यल्ला, म्हणजे चला, आणि खलास, म्हणजे संपलं, या अरबी शब्दांशिवाय एक वाक्य पुरं करत नसत. कुणी बोट दाखवलं तर म्हणायच्या, "ज्यांच्या देशात राहतो त्यांचे चार शब्द घेतले तर काय बिघडलं? ते मी पाहुणी म्हणून घेते. तुम्ही आपलेच शब्द गहाण टाकून बसलाय."

मूळच्या चिपळूणकडच्या. तिथे बारा वर्षं बालवाडी चालवली. मग यजमानांना रुवैसच्या रिफायनरीत नोकरी लागली आणि बाई त्या वाळवंटातल्या गावात आल्या. तिथे कॉलनीतली जी मराठी पोरं हाताला लागली ती गोळा करून त्यांनी वर्ग सुरू केला. यजमानांची बदली दुबईच्या ऑफिसात झाली, तसा वर्गही इकडे आला. आता यजमान निवृत्तीला टेकले होते. ऑगस्टअखेर व्हिसा संपणार, की दोघं परत चिपळूणला. "व्हिसा ह्यांचा. मी त्याला मागून चिकटवलेली," असं त्या अगदी मजेत सांगत.

वर्गात शिकवण्याची त्यांची रीत पाहून मला पहिल्या शनिवारी घाम फुटला. मुलं सहा आणि खेळायचे डबे तीन. पोळपाट-लाटणं एकच. सायकल एक, तिलाही घंटी नाही. मला वाटलं, बाईंची परिस्थिती बेताची असावी. मी दुसऱ्या दिवशी मोठी पिशवी भरून खेळणी घेऊन गेले. बाईंनी ती जशीच्या तशी कपाटावर टाकली.

"सगळ्यांना सगळं मिळालं की पोरं गप्प बसतात. गप्प पोराला काय शिकवू, कपाळ? 'थँक्यू' काय, कुठल्याही भाषेत येतं. भांडता आलं पाहिजे. भांडायला शब्द लागतात, ते घाईघाईनं लागतात, आणि ते समोरच्याला लागावे लागतात."

नियम एकच होता. भांडण मराठीत झालं तर बाई मध्ये पडायच्या नाहीत. इंग्रजीत झालं तर वस्तू कपाटावर.

त्या वर्गात जान्हवी नावाची साडेचार वर्षांची मुलगी होती. तिचे वडील शिगवण, शारजाच्या औद्योगिक भागात एका गॅरेजमध्ये डेंटिंगचे फोरमन. गाव खेडजवळचं. बायको आणि मुलगी नुकत्याच आल्या होत्या. शिगवणांच्या परीक्षेत बाईंना एकही फुटाणा खायला मिळाला नव्हता. "शिगवण, उपाशी मारता की हो मला," बाई म्हणाल्या, तर तो भला माणूस ओशाळून म्हणाला, "मला इंग्लिश येतच नाय बाई, तर बोलू कुठनं? हितं बिल्डिंगमधली समदी पोरं इंग्लिश बोलतात. जान्हवी एकटीच भिंतीला टेकून उभी ऱ्हाते." बाईंनी जान्हवीला त्याच दिवशी वर्गाची मदतनीस नेमलं. मुलांना शब्द अडला की तिला विचारायचं. दोन शनिवारांत ती पोरगी सगळ्या वर्गावर हुकूम सोडू लागली.

तिसऱ्या शनिवारी लाटण्यावरून जान्हवीची आणि इराची जुंपली. इरानं आधी "इट्स माय टर्न" करून पाहिलं. बाईंनी नुसतं कपाटाकडे पाहिलं. इरानंही पाहिलं. मग तिच्या तोंडून जे निघालं ते मी जन्मात विसरणार नाही. "सोड! सोड म्हणते ना! माझं आहे ते, वेडी कुठली!" मी अर्धवट उठून "इरा, शेअर..." म्हणतेय तोवर बाईंनी माझा हात खस्सकन खाली ओढला. "गप बस. पोर पहिल्यांदा बोलतेय." घरी जाताना इरा मागच्या सीटवर कुणाला तरी वेडी म्हणत होती, बहुतेक मलाच. मला इतका आनंद झाला होता की मी वळण चुकले.

आता मुद्द्याचं. आमच्याच भागात एक नर्सरी आहे. तिच्या व्यवस्थापक रीमा मॅडम लेबनॉनच्या. बाईंनी त्यांना गाठून असं पटवलं होतं की नर्सरीतली एक खोली मराठी करायची. शनिवारचा एक तास नाही, रोज सकाळ. गाणी, गोष्टी, खाणं, रुसणं, सगळं मराठीत. मॅडम तयार झाल्या, पण जूनअखेर बारा मुलांचे प्रवेश अर्ज भरून हवेत म्हणाल्या. बारा भरले तर सप्टेंबरला खोली सुरू, नाहीतर ती दुसऱ्या कशाला तरी जाणार. बाई जाण्याआधी ते व्हायला हवं होतं, कारण त्यांच्यामागे एवढी खटपट करणारं कुणी नव्हतं. मार्च निम्मा सरला तेव्हा अर्ज भरलेली मुलं होती पाच. शिगवणांना शारजाहून रोज येणं शक्य नव्हतं, तेव्हा जान्हवी त्यात धरता येत नव्हती.

लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मराठी काय, घरी येतंच की." आमच्या बिल्डिंगमधले सबनीस फायनान्समध्ये मोठ्या हुद्द्यावर, त्यांना साडेतीन वर्षांची जुळी. ते मला लिफ्टमध्ये म्हणाले, "बेसिकली बाई स्वतःचा जॉब सिक्युअर करतायत. नर्सरीनं त्यांना एम्प्लॉयमेंट व्हिसा दिला की झालं. इथंच राहायचंय त्यांना." मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मी मान डोलावली. मलाही आतून तसंच वाटत होतं आणि त्यात मला काही गैरही दिसत नव्हतं.

एप्रिलमध्ये बाईंनी मला चहाला बोलावलं आणि म्हणाल्या, "मुग्धा, आपण चुकलो. 'या, या' म्हणून बोलावतोय ना, म्हणून कुणी येत नाही. दुबईत जे सहज मिळतं ते कुणाला नको असतं. लिही मराठी पालकांच्या ग्रुपवर."

मी लिहिलं. बाईंनी शब्दन् शब्द सांगितला. 'घागबाईंच्या वर्गात सध्या जागा नाही. कृपया विचारणा करू नये.'

तासाभरात चार जणांनी विचारणा केली. संध्याकाळपर्यंत नऊ. मी ऑफिसच्या सवयीनं एक्सेलमध्ये वेटिंग लिस्ट केली, त्यात रंगही भरले. मग रात्री माझं मन मला खाऊ लागलं.

"बाई, हे खोटं नाही का?"

"खोटं कसं? हॉलमध्ये सोफा आहे की नाही? सोफा हलवला तर जागा होईल. पण तो हलवलाय का? नाही. मग जागा नाही."

यादीतल्या लोकांना बाई एकेक करून परीक्षेला बोलवू लागल्या. आई-बापांना. मुलांकडे त्या बघायच्यासुद्धा नाहीत. जो पास होईल त्याच्या हातात नर्सरीच्या खोलीचा अर्ज. नापास झालेले लोक बाहेर येऊन एकमेकांना विचारायचे, तुमचे किती फुटाणे? दोन महिन्यांत आमच्या भागातल्या वाण्याकडे फुटाण्यांची पाकिटं बिलिंगच्या काउंटरपाशी आली. जूनच्या मध्याला अर्ज झाले दहा. आणि एके दिवशी सबनीसांचा मला फोन आला. आवाज खाली आणून म्हणाले, "मुग्धा, काही वशिला लावता येईल का?"

पहिल्या परीक्षेत सबनीस तीन मिनिटांत आडवे झाले. बाईंनी त्यांना पुन्हा यायला सांगितलं. ते आठ दिवस तयारी करून आले. इस्त्रीचा शर्ट, हातात चिठ्ठी. बसले आणि सुरू झाले.

"नमस्कार. मी माझ्या चारचाकी वाहनाने येथे उपस्थित झालो आहे. वाहनतळावर जागा उपलब्ध नसल्याने विलंब झाला, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. माझी अपत्ये उत्साही असून..."

फुटाणा एकही नाही. पण बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो सबनीस, हे तुम्ही बोलताय की तहसीलदार? घरी असं बोललात तर पोरं पलंगाखाली शिरतील. ठेवा ती चिठ्ठी. लहानपणी आई मारताना काय म्हणायची, ते सांगा."

सबनीस हसले. मग चिठ्ठीची घडी घालत हळूच म्हणाले, "म्हणायची, मेल्या, पुन्हा चिखलाचे पाय घेऊन आत आलास तर तंगडं मोडून हातात देईन." थोडं थांबून, "आणि रडलो की म्हणायची, ये इकडं. गप, गप. जास्त लागलं का रे सोन्या?" एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"पास," बाई म्हणाल्या. "हेच बोला पोरांशी. तंगडं तेवढं मोडू नका."

अकरा आणि बारा. शेवटच्या आठवड्यात मी आणि बाई बारा अर्ज घेऊन रीमा मॅडमकडे गेलो. मॅडमनी अर्ज मोजले, उठून बाईंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि अरबीत काहीतरी म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "यल्ला, खलास." बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाई, तुमच्या अपॉइंटमेंट लेटरचं कधी होणार?" त्यांनी पर्समधून एक फुटाणा काढून तोंडात टाकला आणि पार्किंगकडे चालू लागल्या.

ऑगस्टमध्ये दोघं गेली. "ह्यांना एकट्याला कसं पाठवू?" हेच कारण त्यांनी सगळ्यांना सांगितलं. विमानतळावर सबनीस सहकुटुंब आले होते. शिगवण गॅरेजच्या कपड्यांतच आले आणि त्यांनी सांगितलं की शारजातल्या चार घरांनी मिळून शनिवारचा वर्ग धरलाय, जागा त्यांच्याच हॉलची. बाईंनी फक्त विचारलं, "डबे किती ठेवलेत?" "दोनच," शिगवण म्हणाले. बाई समाधानानं सिक्युरिटीच्या रांगेत शिरल्या.

सप्टेंबरात खोली सुरू झाली. नाशिकची एक तरुण शिक्षिका आली, बालशिक्षणाची पदवीवाली, चुणचुणीत. पहिल्या सकाळी इराला सोडून मी मॅडमकडे डोकावले आणि सहज म्हणाले, घागबाई थांबल्या असत्या तर किती बरं झालं असतं, तुम्ही त्यांना आग्रह करायला हवा होता.

मॅडम म्हणाल्या, आग्रह कसला? जानेवारीत बाई पहिल्यांदा आल्या त्या स्वतःसाठीच आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांचं बालवाडीचं जुनं प्रमाणपत्र होतं. मी त्याच दिवशी सांगितलं, हे इथल्या नियमात बसत नाही, तुम्हाला वर्गावर ठेवता येणार नाही. बाईंनी प्रमाणपत्र पिशवीत घातलं आणि विचारलं, मग कुणाला ठेवता येईल? आणि मुलं किती लागतील?

मी पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसले आणि चिपळूणला फोन लावला. मला त्या लिफ्टमधली माझीच मान आठवत होती आणि लाज वाटत होती.

"बाई, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. मला सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही सगळे माझ्यासाठी हळहळत बसला असतात, मॅडमना अर्ज-विनंत्या करत. पोरं कुणी गोळा केली असती?" पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "ते जाऊ दे. खोलीला खिडकी आहे ना गं? मी आतून पाहिलीच नाही कधी. म्हटलं, पाहिली तर पाय निघायचा नाही."

आहे, मी म्हटलं. मोठी आहे, पूर्वेची, सकाळचं ऊन आत येतं. पलीकडे कुकरची दुसरी शिट्टी झाली, तरी बाई फोनवरून हलल्या नाहीत. मीही फोन ठेवला नाही.