तानाबाईची आडवळणी शीर

सांगोला तालुक्यातल्या माळावर तानाबाईनं चाळीस वर्षं मेंढरं राखली. गेली दोन वर्षं ती चालता चालता कोसळायची. गावच्या डॉक्टरनं फिट समजून गोळ्या दिल्या. नवरा येडू तोंडावर पाणी मारायचा. ती उठून पुन्हा मेंढरांमागं जायची.

यंदा चैत्रात पडली, ती बराच वेळ शुद्धीवर आली नाही. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या मुलानं, भारतनं, तिला शहरातल्या दवाखान्यात आणलं. नाडी मिनिटाला अठ्ठावीस. पेसमेकर बसवायचं ठरलं.

डॉक्टर दिग्विजय यांनी डाव्या खांद्याखाली तेवढ्यापुरती भूल देऊन पेसमेकरची तार शिरेतून हृदयाकडं सरकवली. ती उजवीकडं वळायला हवी होती. डावीकडूनच सरळ खाली उतरली. त्यांनी शीर दिसावी म्हणून तिच्यात रंगाचं औषध सोडलं आणि पडद्यावर पाहिलं. एरवी उजव्या बाजूला असते ती मोठी शीर तानाबाईला नव्हतीच. डोक्याचं, हातांचं सगळं रक्त डावीकडून, हृदयामागून वळसा घेऊन आत येत होतं.

तानाबाई जागी होती. "माजं काय चुकलं का, सायेब?"

"तुमचं काही नाही, आजी. हे जन्मापासूनच आहे."

"मग इतकी वर्सं कशी जगले?"

"त्यानं त्रास होत नाही. आमचीच वाट अवघड झालीय."

अडीच तासांनी त्या वळशातून तार कशीबशी जागेवर टेकली. "सुटायची भीती आहे," डॉक्टरांनी बाहेर येऊन भारतला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तार सुटली. येडू चहा घेऊन आला, तेव्हा खाटेवर वाकून कुणीतरी तानाबाईची छाती दाबत होतं. हृदय चालू व्हायला सात मिनिटं लागली; तेवढा वेळ मेंदूला पुरेसं रक्त पोचलं नाही. दुपारी बरगड्यांमधून छाती उघडून दुसरी तार हृदयावर बाहेरूनच शिवली.

ही तार टिकली. पण तानाबाईचे डोळे उघडे असूनही कुणावर ठरेनात. एकदा येडूनं तिच्या कानाशी मेंढरं वळवायची हाळी घातली. सगळा वॉर्ड दचकला. तिची पापणीसुद्धा हलली नाही.

महिन्यानं तपासणीला नेलं. डॉक्टरांनी यंत्र पाहिलं. "व्यवस्थित चाललंय, बाबा. बॅटरी आठ-नऊ वर्षं जाईल."

"नऊ वर्सं?" येडूनं विचारलं. "अशीच?"

डॉक्टरांनी कागदावर पुढची तारीख लिहिली. येडूनं तिच्या हनुवटीवरची लाळ पुसली आणि भारतला म्हणाला, "धर तिकडनं. उचलू तिला."