‘स्ट्राइक’ची नऊ बटणं

पाटीवर ती स्पीच थेरपिस्ट होती, पोरांच्या तोंडी बटणमावशी. तिची शिकवायची तऱ्हा साधी. शब्द म्हणायचा आणि त्यातल्या एकेका आवाजाला टेबलावर एकेक बटण ठेवायचं. अक्षरांना नाही, आवाजांना. ‘बॉक्स’ला इंग्रजीत अक्षरं तीन, पण बटणं चार, हे पोराच्या गळी उतरेपर्यंत ती त्याचा पिच्छा सोडायची नाही.

एका सहा वर्षांच्या कोरियन मुलीपुढे मात्र तिची डाळ शिजेना. वडील कारखान्यात इंजिनियर, शाळा इंग्रजी, आणि पोर प्रत्येक इंग्रजी शब्दात आवाज जास्तच मोजायची. हेडबाई तिला वर्गातून काढून मंदगती मुलांच्या तुकडीत घालायला निघाल्या होत्या. त्यांना फक्त मावशीचा शब्द हवा होता, आणि पहिल्याच भेटीनंतर मावशीने तो देऊनही टाकला होता: हिला आवाज वेगळे करता येत नाहीत.

मुलगी बटणं ओळीत लावायची नाही, त्यांच्या ढिगल्या करायची. मावशी दर वेळी त्या मोडून ओळ सरळ करायची. एका दुपारी मधेच फोन आला म्हणून तेवढं राहून गेलं. परत येऊन पाहते तर ‘स्ट्राइक’च्या पाच ढिगल्या, बटणं नऊ. शेजारी बसलेल्या मुलीच्या आईने एकेका ढिगलीवर बोट ठेवत सहज वाचलं, सु, थु, रा, इ, खु.

मावशीने पुन्हा मोजलं. इंग्रजीच्या हिशेबाने आवाज पाचच, ‘आइ’ तिथे एकच आवाज धरतात. पण कोरियन जिभेला व्यंजनांची अशी दाटी सोसत नाही, ती मधे स्वर घालते, शेवटीही घालते. शिवाय त्यांची अक्षरंही अशीच ढिगलीढिगलीने लिहितात. पोरीने एक बटण चुकवलं नव्हतं. आणि आपण काय सांगून बसलो, या विचाराने मावशीला अन्न गोड लागेना.

मग मावशीच शिकायला बसली. आई शब्द म्हणायची, मावशी गळ्यावर हात ठेवून तो घोळवायची. ‘मुल’ म्हणजे पाणी, तीन बटणं. ‘नामु’ म्हणजे झाड, चार. ती चुकली की मुलगी खुदकन हसायची आणि बटण उचलून घ्यायची. असं हसतखेळत पोर इंग्रजीची ओळही लावायला शिकली. एवढं नाव कमावलेली बाई, पण पोरीपुढे चुकायची तिला कधी लाज वाटली नाही. माणूस मोठं असतं ते असं.

हेडबाईंपुढे तिने आढेवेढे घेतले नाहीत.

“मी चुकीचं सांगितलं होतं. मी माझ्याच कानाने मोजत होते.”

हेडबाईंना ते काही पटलं नाही. त्यांनी मुलीला आत बोलावलं, तिच्यापुढे बटणांचा डबा सरकवला आणि ‘स्ट्राइक’ मोजायला सांगितलं. नऊ मांडली की पोर वर्गातून गेलीच.

मुलीने डब्यात हात घातला, तो तसाच ठेवला आणि हेडबाईंकडे पाहिलं.

“घरचं मोजू, की शाळेचं?”

हेडबाई म्हणाल्या, “दोन्ही दाखव.” आणि आपली खुर्ची तिच्याजवळ ओढून बसल्या.